वर्तणूक चांगली, म्हणजे नेमकं काय?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि त्यासमोर ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक सगळ्यांच्या दाखल्यावर तेच. कॉपी पुरवणाऱ्याचीही वर्तणूक चांगली आणि त्याचं नाव बाईंना सांगणाऱ्याचीही चांगली. शिक्का बसला की विषय संपला. त्यामुळे आपल्याकडचा एखादा लॅब टेक्नॉलॉजिस्ट ब्रिटनमध्ये नोंदणी करायला निघतो आणि अर्जात ‘आरोग्य आणि चारित्र्य’ या भागापाशी येतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच : कॅरॅक्टर सर्टिफिकेट कुणाकडून आणायचं?

दुसरा गोंधळ ‘फिटनेस’ या शब्दाचा. ‘फिटनेस टू प्रॅक्टिस’ म्हटलं की आपल्याला डॉक्टरने छाती तपासून, बीपी बघून दिलेला कागद आठवतो. तिथे या शब्दाचा अर्थ बराच रुंद आहे. काम सुरक्षितपणे आणि नीट करण्यासाठी लागणारं कौशल्य, ज्ञान, आरोग्य आणि चारित्र्य या चारही गोष्टी मिळून तो ‘फिटनेस’ होतो. पहिल्या दोन पदवीतून आणि प्रशिक्षणातून दिसतात. उरलेल्या दोन तुम्ही स्वतः लेखी सांगायच्या असतात. म्हणजे या भागाचा गाभा दुसऱ्याच्या सहीशिक्क्यात नाही, तुमच्या स्वतःच्या निवेदनात आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं बरंच सोपं जातं.

आधी थोडी ओळख. ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे नाव कुणीही लावू शकत नाही. ते कायद्याने राखून ठेवलेलं पदनाम आहे, ‘क्लिनिकल सायंटिस्ट’ हेही तसंच. ही नोंदवही सांभाळते हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी. फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक, रेडिओग्राफर, आहारतज्ज्ञ धरून एकूण १५ व्यवसाय तिच्याकडे आहेत. मागे जो कायदा आहे तो २००१ चा, हेल्थ प्रोफेशन्स ऑर्डर, आणि त्यातच चांगलं आरोग्य व चांगलं चारित्र्य यांची अट आहे. मेडिकल लॅबोरेटरी असिस्टंट म्हणून काम करणाऱ्यांना ही नोंदणी लागत नाही. बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणवून घ्यायचं तर लागते.

आता मुद्द्याचं. जो माणूस पेशंटला हातही लावत नाही, दिवसभर काचेआड अ‍ॅनालायझरसमोर उभा असतो, त्याचं चारित्र्य तपासायचं कशाला? हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. नर्सच्या हाती एकटा, असहाय रुग्ण असतो, पॅरामेडिक लोकांच्या घरात शिरतो. लॅबवाल्याच्या हाती फक्त ट्यूब.

रात्रीचे दोन वाजलेत असं धरा. ब्लड बँकेत तुम्ही एकटे आहात. वॉर्डातून सॅम्पल येतं, बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू असलेल्या बाईचं. ट्यूबवर आडनाव आहे, नाव आहे, हॉस्पिटल नंबर आहे. जन्मतारीख नाही. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडची नर्स घाईत आहे, आवाज चढलेला : अहो, मीच काढलंय सॅम्पल, मला माहीत आहे ते कुणाचं आहे, मी खाली येऊन तारीख लिहिते, तुम्ही लावा तोवर ग्रुप.

नियम स्पष्ट आहे. रक्त चढवण्यासाठीच्या सॅम्पलवर आडनाव, नाव, जन्मतारीख आणि रुग्णक्रमांक हे चारही हवेत आणि ते रुग्णाच्या खाटेपाशीच लिहिलेले हवेत. एक जरी नसलं तरी सॅम्पल बाद. नंतर येऊन भरायची सोय नाही, कारण ज्या क्षणी ट्यूब खाटेपासून दूर गेली त्या क्षणी ‘मला माहीत आहे’ याला पुरावा उरत नाही. नवं सॅम्पल येईपर्यंत रुग्णाला ओ ग्रुपचं रक्त देता येतं, म्हणजे ‘नाही’ म्हटल्याने बाई तशीच सोडून दिली जात नाही. तरी पहाटेच्या त्या वेळी, समोरून चढलेला आवाज ऐकताना, ‘या, लिहा’ म्हणणं फार सोपं असतं. आणि शंभरातल्या बहुतेक वेळा ते सॅम्पल खरोखर त्याच बाईचं असतं, हे त्यातलं सगळ्यात फसवं.

ज्या वेळी नसतं, त्या वेळी ए ग्रुपचं रक्त ओ ग्रुपच्या अंगात जातं. तिच्या रक्तात आधीपासूनच असलेल्या अँटिबॉडी त्या पेशींवर तुटून पडतात, लाल पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीव जाऊ शकतो. ट्यूबवर नाव एकीचं आणि रक्त दुसरीचं, या प्रकाराला तिथल्या लॅबमध्ये ‘राँग ब्लड इन ट्यूब’ असं सरळ नावच आहे. रक्तसंक्रमणातल्या अशा चुका आणि दुष्परिणाम नोंदवणारी ‘शॉट’ नावाची देशव्यापी योजना १९९६ पासून चालू आहे. याच धोक्यापायी २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुसऱ्या सॅम्पलचा नियम आला : रुग्णाचा ग्रुप आधी नोंदलेला नसेल, तर वेगळ्या वेळी काढलेलं दुसरं सॅम्पल मागायचं आणि दोन्ही जुळली तरच त्या ग्रुपचं रक्त द्यायचं. यावरही माणसाने पळवाट काढलीच. एकाच वेळी दोन ट्यूब भरायच्या, वर वेगवेगळ्या वेळा टाकायच्या आणि दुसरी खिशात ठेवून अर्ध्या तासाने पाठवायची. यंत्राला यातलं काहीच कळत नाही. दोन्ही ग्रुप छान जुळतात.

चारित्र्याचा प्रश्न लॅबवाल्याला विचारतात तो यासाठी. डॉक्टरने चुकीची गोळी दिली तर रुग्ण निदान विचारू तरी शकतो की ही नेहमीची पांढरी का नाही. रिपोर्टवर पोटॅशियम ४.२ छापलेलं असेल तर ते मशीनमधून आलं की कुणाच्या मनातून, हे रुग्णाला कळायचा मार्ग नाही, डॉक्टरलाही नाही. तो आकडा खरा आहे याची हमी म्हणजे तो सोडणारा माणूस. बाकी काही नाही.

मग एचसीपीसी विचारते तरी काय? ढोबळमानाने हे : कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात का, पोलिसांची ‘कॉशन’ स्वीकारली आहे का, दुसऱ्या एखाद्या नियामक संस्थेने तुमच्यावर कारवाई केली का, वागणुकीमुळे किंवा कामातल्या कमतरतेमुळे नोकरीत निलंबन किंवा बडतर्फी झाली का. आणि कामावर परिणाम करणारी तब्येतीची काही अडचण आहे का.

यातला कॉशन हा शब्द आपल्याकडच्यांना हमखास चकवतो. आपल्याकडे पोलिसांनी ‘समज देऊन सोडलं’ म्हणजे घरी जा, विषय संपला. कुठे लिहिलेलं नसतं, शेजाऱ्यांना कळलं नाही म्हणजे मिळवली. तिकडची कॉशन तशी नाही. ती स्वीकारताना तुम्ही गुन्हा कबूल केलेला असतो आणि त्याची रीतसर नोंद राहते. शिकायला म्हणून गेलेला एखादा मुलगा शनिवारी रात्री पबबाहेरच्या हाणामारीत सापडतो, चौकीत सही करून बाहेर येतो, आणि तीन वर्षांनी अर्ज भरताना ‘मला काही शिक्षा झालेली नाही’ असं प्रामाणिकपणे समजून ‘नाही’वर खूण करतो. प्रामाणिकपणे केलेली ही चूकसुद्धा पुढे महागात पडू शकते.

जुनी प्रकरणं किती वर्षं सांगत बसायची, यालाही हिशेब आहे. एरवीच्या नोकऱ्यांत १९७४ च्या पुनर्वसन कायद्यानुसार ठरावीक काळानंतर जुना गुन्हा ‘संपला’ असं धरतात. आरोग्यसेवेतले व्यवसाय या सवलतीतून वगळलेले आहेत, म्हणून तिथे ‘संपलेले’ गुन्हेही सांगावे लागतात. मात्र त्यालाही गाळणी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ वयातली साधी कॉशन ६ वर्षांनी आणि तुरुंगवास न झालेली शिक्षा ११ वर्षांनी गाळली जाते, पण गुन्हा गंभीर गुन्ह्यांच्या ठरवून दिलेल्या यादीत असेल तर नाही. १८ वर्षांखालच्यांना शिक्षेसाठी ११ ऐवजी साडेपाच वर्षं, आणि २८ नोव्हेंबर २०२० पासून त्यांच्या कॉशन आपोआप उघड करायच्या नाहीत असं ठरलं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथे राहिलेल्यांनी ते पाहावेत.

आता समजा, सांगण्यासारखं काही आहे. म्हणजे दार बंद झालं का? नाही. इथे कुणी गुन्हा आणि त्यापुढे ‘नापास’ अशी यादी लावून बसलेलं नसतं. एक समिती प्रकरण वाचते. गुन्हा काय होता, किती वेळा झाला, कधी, शिक्षा काय झाली, या व्यवसायाशी त्याचा काही संबंध पोहोचतो का, आणि त्यानंतर माणूस कसा वागला. हिंसा, लैंगिक गैरवर्तन, अमली पदार्थ पुरवणं, अप्रामाणिकपणा यांकडे फार कडक नजरेने पाहिलं जातं. विसाव्या वर्षी एकदा दारू पिऊन केलेला दंगा आणि पस्तिसाव्या वर्षी बनवलेलं खोटं अनुभवपत्र यांत लॅबच्या दृष्टीने दुसरं जास्त वाईट आहे, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. दंगा करणारा सुधारतो. अनुभवपत्र बनवणाऱ्याने कागदावर खोटं लिहायचा सराव केलेला असतो, आणि लॅबचं सगळं काम कागदावरच असतं.

समितीने नकार दिला तर २८ दिवसांत अपील करता येतं, त्यानंतर कोर्टातही जाता येतं.

निवेदन लिहिताना लोक दोन टोकांना जातात. एक जण तीन ओळींत उरकतो : ‘किरकोळ प्रकरण होतं, गैरसमज झाला.’ दुसरा पाच पानं लिहितो आणि त्यात पोलिसांपासून वर्गमित्रापर्यंत सगळ्यांची चूक असते, त्याची सोडून. दोन्हीतून वाचणाऱ्याला एकच कळतं, की याला अजून उमगलेलं नाही. तारीख, ठिकाण, काय घडलं, कोर्टाने काय केलं, ते का चुकलं असं आज वाटतं आणि तेव्हापासून काय बदललं, इतकं सरळ लिहावं. कोर्टाचा कागद असेल तर जोडावा. विशेषणं कमी ठेवावीत.

भारतात घडलेल्या गोष्टीचं काय, असं बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. परदेशातली दोषसिद्धी ‘इथली नाही’ म्हणून सुटत नाही. मात्र एफआयआर म्हणजे दोषसिद्धी नव्हे. भाऊबंदकीच्या भांडणात घरातल्या सगळ्यांची नावं तक्रारीत घुसवायची आपल्याकडची रीत तिकडच्या समितीला ठाऊक असेलच असं नाही, तेव्हा प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे, आरोपपत्र आहे का, निकाल लागला का, हे त्यांना समजेल असं लिहिण्याची जबाबदारी आपली.

आणि लपवलं तर? मूळ गोष्ट कदाचित माफ झाली असती. लपवणं हा नवा, ताजा अप्रामाणिकपणा ठरतो आणि त्याला ‘तेव्हा लहान होतो’ हे कारण चालत नाही. फसवून मिळवलेली नोंद नंतर काढून टाकता येते. शिवाय नोकरी लागताना हॉस्पिटल सरकारी यंत्रणेकडून गुन्ह्यांच्या नोंदींची वेगळी पडताळणी करतं, इंग्लंड-वेल्समध्ये डीबीएस, स्कॉटलंडमध्ये डिस्क्लोजर स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडमध्ये अ‍ॅक्सेसएनआय. एका अर्जात एक आणि दुसऱ्यात दुसरं असेल तर ते तिथे समोरासमोर येतं.

आता अशी एक गोष्ट, जिच्यात आपली चांगली माणसंही अडकतात. आपल्याकडे लॅबमध्ये नोकरी असणं म्हणजे सगळ्या खानदानाची सोय. ‘काकूंचा रिपोर्ट आला का बघ ना जरा.’ आपण बघतो, फोन करून सांगतो, काकू दुवा देतात. तिकडे हेच केलं तर तो गोपनीयतेचा भंग आहे. लॅबच्या संगणकात कुणी, कधी, कुणाची नोंद उघडली याचा माग राहतो, आणि ज्या रुग्णाच्या तपासणीशी तुमच्या कामाचा संबंध नाही त्याची नोंद उघडायला तुम्हाला कारण नसतं. काकूंनीच सांगितलं होतं, हे कारण नव्हे. डेटा संरक्षणाच्या २०१८ च्या कायद्याखाली तो गुन्हाही ठरू शकतो. स्वतःची नोंद उघडण्याच्या बाबतीतही हात आवरावा. रात्रपाळीला स्वतःचंच रक्त काढून, डॉक्टरची चिठ्ठी नसताना मशीनला लावून थायरॉइड बघून घेणं ही तर जगभरच्या लॅबमधली जुनी खोड. कुणाचं नुकसान होत नाही असं वाटतं. पण रीएजंट सार्वजनिक पैशाचं असतं, आणि रिपोर्ट विचित्र आला तर तो कुणाच्या नावावर, कुणाला कळवायचा, याला उत्तर नसतं.

ट्रेनिंगच्या काळातल्या पोर्टफोलिओचंही तसंच. तिथे प्रशिक्षणार्थीला प्रत्यक्ष काय काय केलं याचे पुरावे जमवून मोठी फाइल तयार करावी लागते आणि बाहेरचा तपासनीस येऊन ती पाहतो. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर जर्नल्स कशी ‘पूर्ण’ होतात हे वेगळं सांगायला नको. मागच्या तारखा टाकायची ती सवय तिकडे बरोबर नेऊ नये. विद्यार्थिदशेतलं गैरवर्तनही चारित्र्याच्या हिशेबात धरलं जातं.

आरोग्याचा भाग त्यामानाने लोकांना वाटतो तितका भीतीदायक नाही, उलट चारित्र्यापेक्षा पुष्कळ माणुसकीचा आहे. तुम्हाला आजार आहे का, असा प्रश्नच नाही. आजारामुळे काम सुरक्षितपणे होत नाही का, असा आहे. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, साखर आटोक्यात आहे, तर सांगण्यासारखं काही नाही. नैराश्यावर उपचार चालू आहेत, कामावर परिणाम नाही, तरी तेच. अपस्मार असेल तर रात्री एकट्याने ड्यूटी करण्याचा विचार करावा लागेल, आणि तो तुम्ही केला आहे, वरिष्ठांशी बोलून पाळ्या बदलून घेतल्या आहेत, हेच तिथे महत्त्वाचं. लाल-हिरवा रंगभेद न कळणाऱ्यालाही हाच विचार लागू. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून पाहण्याच्या तपासणीत, जांभळे आणि गुलाबी जंतू ओळखायचे असतात, चुकलं तर अँटिबायोटिक चुकेल. अशा माणसाने आपली मर्यादा ओळखून दुसऱ्याकडून स्लाइड तपासून घेणं किंवा दुसऱ्या विभागात काम करणं हा मार्ग आहे. ‘दिसतंय मला’ म्हणत रेटणं हा धोका आहे. म्हणजे फिरून गोष्ट प्रामाणिकपणावरच येते, इथे फक्त स्वतःच्या शरीराबद्दलच्या.

नाव एकदा लागलं की हे संपत नाही. दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं आणि तेव्हा पुन्हा निवेदन करावं लागतं. मधल्या काळात कॉशन मिळाली, आरोप ठेवला गेला, नोकरीत निलंबन झालं तर नूतनीकरणाची वाट न बघता स्वतःहून कळवायचं. वागणुकीचे एकूण दहा मापदंड आहेत, त्यांची सुधारित आवृत्ती १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. चूक झाली तर ती उघडपणे सांगा आणि नोंदी नीट ठेवा, हे त्यांतले दोन. माझ्या मते लॅबसाठी बाकीचे आठ यांच्या मागून येतात.

तक्रार सिद्ध झालीच तर शिक्षेच्या पायऱ्या आहेत. १ ते ५ वर्षं नोंदीवर राहणारा ताकीद-आदेश, ३ वर्षांपर्यंत अटींवर काम, १ वर्षापर्यंत निलंबन, आणि शेवटी नाव काढून टाकणं. यातल्या ताकीद-आदेशालाही इंग्रजीत ‘कॉशन’च म्हणतात, पोलिसांच्या कॉशनशी त्याची गल्लत करू नये. नाव गेलं की पाच वर्षं परतीचा अर्ज करता येत नाही. यात एक बारीक तरतूद आहे, तिचा उल्लेख फारसा होत नाही : प्रकरण केवळ आजारपणाचं किंवा कौशल्य कमी पडण्याचं असेल, तर पहिल्याच फटक्यात नाव काढता येत नाही. सलग दोन वर्षं निलंबन किंवा अटी लागू राहिल्यानंतरच ती वेळ येऊ शकते. गैरवर्तनाला असं संरक्षण नाही.

आपल्याकडेही हे वारं पोहोचलं आहे. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात वैद्यकीय प्रयोगशाळेतले व्यवसाय धरलेले आहेत, आणि राज्य परिषदांनी नोंदवह्या ठेवायच्या आहेत. इतकी वर्षं पॅथॉलॉजिस्टची सही रिपोर्टखाली आणि टेक्निशियनचं नाव कुठेच नाही, अशी आपली रीत. नाव नव्हतं, म्हणून जबाबदारीही कुणी विचारत नव्हतं. नोंदवही आली की त्या मागोमाग तो रकानाही येईल, आणि तेव्हा ‘चांगली’ हा शब्द भरायला शाळेतला क्लार्क नसेल.